खोलीएवढी खोप

आचऱ्यात गावपळण असली की माणसं गाव सोडतात आणि देव गावात राहतो. रामेश्वराचा कौल झाला आणि ढोल वाजला की चुली विझवायच्या, दारांना कड्या घालायच्या आणि गुरं-वासरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन वेशीबाहेर पडायचं आणि माळावर खोप, म्हणजे तात्पुरती झोपडी, बांधून राहायचं. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी म्हणजे कुणी राहायचं नाही. का, म्हणून विचारलंत तर दहा माणसं दहा कारणं सांगतील. अकरावं म्हणेल, अहो, वर्षानुवर्षं आपली गाऱ्हाणी ऐकून देवाचे कान किटले असतील, त्यालाही कधी स्वस्थता नको का? या अकराव्या माणसाला गावात फारसं कुणी विचारत नाही, पण त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

तर एकोणसाठ सालच्या मार्गशीर्षात अशीच गावपळण ठरली आणि गुरुदास मुंबईहून रजा घेऊन नेमका त्याच सुमाराला घरी आला. घरात आई हौसाबाई आणि बायको सुभद्रा. वर्षातले अकरा महिने या दोघीच घरात, आणि एक महिना गुरुदास.

हौसाबाईचा मळा होता, नाही असं नाही. पण त्यातलं भात शिमग्याच्या आत कणगीचा तळ दाखवायचं. नवरा शिडाच्या पडावावर तांडेल होता, तो तापाने गेला, आणि पडावांचेही दिवस भरतच आले होते. गुरुदास सातवी पास झाला तेव्हा गावात करण्यासारखं त्याला काही दिसेना. मग त्याने सगळे करत होते तेच केलं. एक ट्रंक, एक वळकटी, आईने बांधून दिलेले सुके बांगडे, आणि मालवण बंदरातून आगबोट.

मुंबईत काळाचौकीला एका चाळीत गावकऱ्यांची एक खोली होती. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा, त्यामुळे जमीन कधी गार व्हायची नाही. जेवण खानावळीत. तिथल्या आमटीत माशाचा तुकडा सापडला की बाळा उठून टाळ्या वाजवायचा. बाळा हा शेजारच्या वाडीतला, गुरुदासच्याच गिरणीतला, त्याचा जिवाभावाचा मित्र, फक्त जिभेला हाड नाही. अशा त्या खोलीत गुरुदासने उमेदीची वर्षं काढली, गिरणीत बिगाऱ्याचा फिटर झाला, आणि पाच वर्षांपूर्वी सुभद्राशी लग्नही केलं. पण लग्न कसलं, सुट्टीपुरता संसार. ओळख होते न होते तोवर आगबोटीचा भोंगा वाजायचा.

यंदा दिवाळीला मात्र त्याला त्याच चाळीत स्वतःची खोली मिळाली. जिन्याखालची होती, पण दाराला स्वतःचं कुलूप होतं. कुलूप घेतलं त्या दिवशी तो विनाकारण तीनदा बाहेर जाऊन आला. आता सुभद्राला आणायचं, एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात होती. मधे आई होती.

"आये," घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने पेज खाताखाता विषय काढला, "यंदा सुभद्राक घेवन जातंय म्हणतंय."

"खंय?"

"मुंबैक."

"कित्याक?"

या प्रश्नाला तिशीच्या मुलाने आईसमोर काय उत्तर द्यायचं? गुरुदास पेज ढवळत बसला. ओसरीवर सुपात भात पाखडत असलेल्या सुभद्राने मान खाली घातली आणि हसू आवरलं.

हौसाबाई काही सुनेला छळणारी सासू नव्हती. तिच्या विरोधाला कारण होतं. "झील मुंबैक गेलो तर मनिऑर्डर येता," ती म्हणाली, "सून गेली तर दाराक कुलूप येता. पलीकडची दोन घरां बघलंस मां?" ती घरं गुरुदासने पाहिली होती. आधी सून गेली, मग दुखणाईत म्हातारीला नेलं, मग दार गणपतीपुरतं उघडू लागलं आणि आता ओसरीवर वाळवी चढली होती. हौसाबाईला त्या वाळवीची खरोखर भीती वाटत होती, आणि एकटीने त्या घरात म्हातारं होण्याची त्याहून जास्त. ही दुसरी भीती ती बोलून दाखवत नसे.

शेजारच्या तोंडवलीला राहणारी तिची धाकटी बहीण नर्मदा त्या दिवशी आली होती. तिला गप्प बसवत नव्हतं. "अगो हौश्ये, घोव मुंबैक आणि बायल आचऱ्यात. मगे नातू तुका काय टपालान येतलो?"

सगळे हसले. हौसाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. पण हसून झाल्यावर तिचं उत्तर तेच राहिलं, फक्त कारण बदललं. "तसां नाय गो. आमचा सुभद्रा मोकळ्यात वाढललां. थंय चाळीत तिका कोंडून घालतलो हो."

इथे गुरुदासने घात केला. खरं सांगायचं सोडून तो फुशारकीवर गेला. "कोंडून? आये, खोली दहा हात लांब, आठ हात रुंद आसा! दोन खिडक्यो! वारो असो येता, दिवो रवणा नाय."

खोलीला खिडकी नव्हती. एक झरोका होता, त्यातून शेजारणीच्या तळणीचा धूर यायचा. लांबीरुंदीचं तर बोलायलाच नको. पण तोंडातून शब्द गेले ते गेले, आणि हौसाबाई डोळे बारीक करून मुलाकडे बघू लागली.

"बरां," ती म्हणाली. "गावपळणीक खोप बांधूचीच आसा. तुज्या खोलयेयेवढीच बांध. वीतभर कमी नको, वीतभर जास्ती नको. तीन दिस आमी थंय रवतलंव. माका बघूंदे मुंबैक कसां रवतत तां. मगे सांगतंय सुभद्राचां."

सुभद्राने सूप खाली ठेवलं, नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि परत पाखडू लागली.

गुरुदास मोठ्याच पेचात सापडला. खरी खोली असेल तेवढी खोप बांधली तर आई म्हणणार, ह्यात कोंबड्यासुद्धा ठेवायची नाही मी, सुनेचं तर लांबच. आणि बोलल्याप्रमाणे बांधली तर सुभद्रा मुंबईला येऊन बघणार काय? रात्रभर विचार करून त्याने ठरवलं की आधी आईचा होकार, मुंबईचं मुंबईला. असं ठरवणारा तो पहिला माणूस नव्हे.

तोंडवलीच्या हद्दीत माळावर काजूच्या झाडांच्या कडेला जागा धरून तो आणि त्याच्याबरोबरच रजेवर आलेला बाळा खोप बांधायला लागले. बांबूचे खांब, त्यांना चारी बाजूंनी नारळाच्या विणलेल्या झावळांचे झाप, वर पेंढा, बांधायला सुंभ. गुरुदासने जमिनीवर हाताने मापं घालून खुंट्या ठोकल्या. बाळा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"मेल्या, खोप बांधतस काय देवळाचो सभामंडप? तुजी खोली हेच्या अर्धी नाय!"

"हळू बोल! आयेक दहा हात सांगलंय."

बाळाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. तो बांबूंच्या ढिगावर बसला आणि आनंदाने मांडी चोळू लागला. "गुरग्या, मी गप रवतंय. पण गप रवाक माका तोंडात कायतरी होयां मां? तुज्या आयेचे वडे, आणि कोंब्याची सागोती."

"एकदा घालतंय."

"रोज," बाळा म्हणाला.

गावपळणीच्या सकाळी ढोल झाला आणि आख्खं आचरा गाव उठून चालू लागलं. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, कडेवर पोरं, मागे गुरं. नेहमी भांडणाऱ्या दोन वाड्या एकाच पायवाटेने निघाल्यामुळे भांडायचंही राहून गेलं. संध्याकाळपर्यंत माळावर दुसरं गाव वसलं. कुणी मृदंग आणला होता, कुणी फिडल. नदीत पोरं डुंबत होती, बायका एकमेकींच्या चुलीवरून वाडगे नेत-आणत होत्या. जी सासू घरी सुनेला उंबऱ्यावर बसू देत नसे ती इथे सुनेबरोबर झिम्मा खेळत होती, कारण इथे उंबराच नव्हता.

हौसाबाई खोपीत शिरली ती आधी वाकली. कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकत तिने एक भिंत मोजली, मग दुसरी. गुरुदास दारात श्वास धरून उभा.

"दहा. आठ." ती उठली आणि तिचं तोंड आनंदाने फुललं. "खरांच रे! एवढी खोली माज्या झिलाची!"

जिंकलो, असं गुरुदासला वाटलं. एकाच दिवसात जिंकलो. बाळा त्या वेळी खोपीमागे बसून तिसरा वडा खात होता, त्यालाही तसंच वाटलं.

पण दुसरा दिवस उजाडला आणि गोष्ट भलतीकडे वळली. हौसाबाईने माळावरच्या झाडून साऱ्या बायकांना खोप दाखवायला आणायला सुरुवात केली. "ह्या बघा, माज्या गुरुदासाची मुंबैची खोली अशी. हंय मोरी. हंय खिडकी. वारो असो, दिवो रवणा नाय." बायका आत येऊन वर बघायच्या, खाली बघायच्या, च्-च् करायच्या. एकीने तर आपल्या नवऱ्याला बोलावून आणलं आणि त्याच्या देखत विचारलं, आमचे कित्याक असे खोलयेत रवणत नाय? गुरुदासला तोंड लपवायला दहा हातांची खोपसुद्धा पुरेना.

दुपारी नर्मदा आली. तोंडवली जवळच, तिला काय, दोन पावलांवर. तीही खोपीत फिरली आणि तिच्या डोक्यात वेगळंच काही आलं.

"गो हौश्ये, माजे दोन झील मुंबैक जातंव म्हणतत. पण रवाक जागा नाय. एवढ्या खोलयेत तेंका वायच कोपरो मिळात काय?"

"मिळात काय म्हणान काय इचारतंस?" हौसाबाईला उदारपणाचं उधाण आलं होतं. "चार माणसां आरामात रवतली! दोघांकय धाड. तिगे मिळान रांधतले, खातले. गुरुदासाकय सोबत झाली."

"आणि सुभद्रा?" गुरुदासने कसंबसं विचारलं.

"सुभद्रा आता कित्याक रे? तीन झीलगे रवतले, थंय बाईमाणसाचां काय काम? ती माज्याकडे रवांदे." हौसाबाईने विषय मिटल्यासारखे हात झटकले. खोपीमागे बाळाला ठसका लागला तो थांबेना.

गुरुदास नदीकडे निघून गेला. आता खरं सांगावं तर आईची माळभर शोभा, न सांगावं तर सुभद्रा कायमची आचऱ्यात आणि जिन्याखालच्या खोलीत मावशीचे दोन रेडे. स्वतःच्या हाताने बांधलेल्या खोपीत तो असा अडकला होता. संध्याकाळी जेवताना सुभद्राने त्याच्या पानात भात वाढला, तेव्हा त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आणि नर्मदा धुणं घेऊन नदीवर गेल्या. गुरुदास गुरांना पाणी दाखवून परत आला तर खोपीची एक भिंत गायब. सुभद्रा पदर खोचून उभी होती आणि कोयत्याने दुसऱ्या भिंतीचं सुंभ कापत होती.

"अगो! ह्यां काय करतंस?"

"खोप बारीक करतंय," ती म्हणाली. "त्या बाळाक आता आणखी कोंबे घालूक नकोत. दोन रवलेत, तेवडे तरी वाचूंदेत."

गुरुदास खाली बसला. "तुका कोणी सांगल्यान? बाळान?"

"कोणी कशाक सांगाक होयां? यंदा मुंबैसून इल्यापासून तुमी उठताना डोक्यार हात धरतास. आमच्या घराचां आडां माडायेवढां उंच, थंय काय लागतलां? आणि निजतास ते पाय पोटाशी घेवन. दहा हात खोलयेत रवणारो माणूस असो निजता?" तिने झाप ओढून बाजूला टाकला. "आता सांगा. खरी केवडी आसा?"

तेव्हा त्याने सांगितलं. साडेसहा हात लांब, सव्वापाच हात रुंद. एका बाजूला जिन्याचा उतार, तिथे उभं राहता येत नाही. खिडकी नाही. वर माणसं चढतात-उतरतात ते सगळं डोक्यावर ऐकू येतं, कोण चपला घालून गेलं आणि कोण अनवाणी हेसुद्धा. पाणी पहाटे, तेही रांगेत. मोरी आहे, पण तिच्यात उभं राहून आंघोळ केली तर कोपरं भिंतीला लागतात. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. आणि शेवटी त्याने इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

"माका लाज वाटता गो. बरां होवचां म्हणान घर सोडलंय. आणि जां मिळालां तां आमच्या गोठ्यायेवढांय नाय. हंय येवन ह्यां कसां सांगू? सगळी विचारतत, कसां काय मुंबैचां? मी म्हणतंय, झकास."

सुभद्राने कोयता झापांवर टाकला. तिला त्याचा राग आला होता, आणि कीवही आली होती, दोन्ही एकदम.

"पाच वर्सां वाट बघलंय," ती म्हणाली, "ती काय खोलयेची बघलंय? तुमची बघलंय. उठा, हो खांब धरा. आणि चूल खंय मांडतलंव तां सांगा."

"स्टोव्ह आसा," गुरुदास म्हणाला. "दाराच्या उजव्या बाजूक."

"बरां झालां. म्हणजे लाकडां ठेवची जागा वाचली."

दोघांनी मिळून खांब उपटले, आत आणून पुरले, झाप कापून नव्याने बांधले. जिन्याच्या बाजूचं छप्पर खाली ओढलं, तेव्हा गुरुदासने सवयीने मान वाकवली आणि सुभद्राला हसू फुटलं. मग तोही हसला. फार दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. आई आल्यावर काय होईल हा विचार मात्र मधेमधे डोकावत होता, पण हाताला काम होतं म्हणून निभावलं.

बाळा वड्यांच्या वेळेला आला, खोप बघितली, आणि समजायचं ते समजून टोपलीवर बसला. "संपलां माजां राज्य," तो म्हणाला.

एवढ्यात धुण्याच्या टोपल्या घेऊन दोघी बहिणी चढ चढून आल्या. नर्मदा पुढे होती, ती खोपीवरून पुढेच निघून गेली, तिला वाटलं ही दुसऱ्या कुणाची. हौसाबाई मात्र थांबली. तिने टोपली खाली ठेवली. बाजूला पडलेल्या झापांचा ढीग पाहिला, आधीच्या खांबांचे खड्डे पाहिले, मग मुलाकडे पाहिलं.

"ह्यां काय?"

"ही खरी, आये," गुरुदास म्हणाला. "ती खोटी होती."

हौसाबाई आत गेली. जिन्याच्या बाजूलाही ती ताठ उभी राहिली, तिची उंचीच तेवढी. सगळीकडे फिरायला तिला फार वेळ लागला नाही. मग ती मधोमध बसली आणि म्हणाली, "वाढ गो सुभद्रा. हंयच जेवया."

तिघं जेवायला बसली. तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. सुभद्राने बसल्या जागेवरूनच भात वाढला, बसल्या जागेवरूनच आमटी, आणि पाण्याचा तांब्याही बसल्या जागेवरून घेतला. नर्मदा दारात उकिडवी बसली, कारण आत चौथं पान मांडायला जागा नव्हती. बाळा तिच्या मागून मान काढून बघत होता.

"माज्या घरात वाढूक सात खेपो घालूचे लागतत," हौसाबाई भात कालवत म्हणाली. "हंय उठाचां लागणा नाय. एक तरी सोय आसा." मग तिने हात थांबवला. "तू हंय एकटो रवतस?"

"दिवाळयेपासून. आधी गावच्या खोलयेत होतंय."

"माका सांगलंस कित्याक नाय?"

हौसाबाईचा आवाज चढला, आणि तो चढला तेव्हा शेजारच्या खोपीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. "मेल्या, लबाडा! मी सगळ्या माळाक ती खोप दाखवलंय. आता तोंड खंय दाखवू? पण तां जावंदे. मी काय समजलंय म्हायत आसा? मी समजलंय, झील माजो मोठो झालो. दहा हात खोली, दोन खिडक्यो. तेका आता कोणाची गरज नाय. गरज माका आसा. म्हणान सुनेक धरून ठेवलंय. माका वाटलां, तुजां काय अडता?"

गुरुदास आईकडे बघतच राहिला. पाच वर्षं तो झकास, झकास म्हणत आला, आणि त्या प्रत्येक झकासने सुभद्राला आचऱ्यात बांधून ठेवलं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"मोठ्या खोलयेत माणूस एकटो रवात," हौसाबाई म्हणाली. "हंय एकटो रवलो तर भिंतीशी बोलाक लागतलो."

"बोलतंय," गुरुदास म्हणाला. आज सकाळपासून त्याला खरं बोलायची खोडच लागली होती.

"काय बोलतस?"

"भांडतंय. भाजयेत मीठ जास्ती झालां म्हणान."

"माका वर गावच्या खोलयेत आयकाक येता," बाळा मागून म्हणाला. "भिंत काय उलट बोलणा नाय, म्हणान हो सोकावलो."

नर्मदा आधी हसली, मग सुभद्रा, आणि मग हौसाबाईलाही हसू आवरेना. हसताहसता तिचे डोळे भरून आले, तशी ती उष्ट्या हाताने पदर शोधू लागली. सुभद्राने आपल्याच पदराने तिचे डोळे पुसले. त्या जागेत तेवढं करायला कुणालाही उठावं लागलं नाही.

"घेवन जा तिका," हौसाबाई म्हणाली. "ह्याच आगबोटीन. उलट बोलणारां कोणतरी होयां तुका."

"आणि माजे झील?" नर्मदेने विचारलं.

"तुजे झील हो गेलो तसे जातले. गावच्या खोलयेत. खानावळीची आमटी पियाले म्हणजे बरे होतले." मग ती सुनेकडे वळली. "गणपतीक येवचां. आणि बाळंतपण हंय. थंय त्या जिन्याखाली नाय, सांगान ठेवतंय."

सुभद्रा लाजून भांडी गोळा करायला लागली. बाळाने तोंडाला दोन्ही हात लावून आख्ख्या माळाला बातमी दिली, आणि हौसाबाईच्या सुनेचं मुंबईला जायचं ठरलं हे आचऱ्याला आचऱ्याबाहेरच कळलं. उरलेल्या दोन कोंबड्यांपैकी एक त्या संध्याकाळी कामी आला. दुसरा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाकडून ढोल ऐकू आला. देवाने गाव परत दिलं होतं. माळावर एकच गलका झाला, पोरं धावत सुटली, गुरांनीसुद्धा आपणहून वाट धरली. तीन दिवसांपूर्वी सोडलेल्या घरात शिरायला माणसं अशी पळत होती, जणू तीस वर्षांनी परत येत होती. सुभद्राच तेवढी मागे रेंगाळली. पाच वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता तिला विहिरीचा रहाट आठवत होता, पुढे चालत असलेली गायसुद्धा आठवत होती, अजून घरी पोचलीही नव्हती तरी. चालताचालता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय गो?" हौसाबाईने विचारलं.

"आये, माका थंय घर आठवतलां."

"आठवाकच होयां," हौसाबाई म्हणाली. "आठवणा नाय झालां तर परत कशाक येतलंस?" आणि तिने सुनेच्या डोक्यावरची टोपली काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

घरी पोचल्यावर गुरुदासने कडी काढली. आत काळोख आणि तीन दिवसांची गार राख. सुभद्रा नेहमीसारखी थेट चुलीकडे गेली आणि फुंकणी उचलायला वाकली.

"रव," हौसाबाई म्हणाली. "चूल मी पेटयतंय."

"तुमी कित्याक? मी आसंय मां."

"आसंस, म्हणानच पेटयतंय. तू आसतानाच सवय होवंदे."

सुभद्रा बाजूला झाली. पाच वर्षांत सासूने फुंकणीला हात लावला नव्हता. हौसाबाई चुलीपुढे बसली, काटक्या रचल्या, काडी ओढली. पहिल्यांदा नुसता धूर झाला. दुसऱ्यांदाही. सुभद्राचे हात पुढे होत होते, ते गुरुदासने हळूच धरून ठेवले. तिसऱ्यांदा जाळ धरला, काटक्या तडतडल्या, आणि हौसाबाई वळून दोघांकडे बघत म्हणाली,

"बघलात? येता माका."